हरकत नाही ना?

नोंदणी कचेरीतल्या त्या बाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी त्या शिक्केबाई. लग्नाच्या खिडकीवर सव्वीस वर्षं बसल्या, आणि शिक्का असा हाणायच्या की शेजारी जन्म-मृत्यूच्या खिडकीवरचा कारकून दर वेळी दचकायचा. इतकी वर्षं दचकत होता बिचारा, सवय काही झाली नाही. शिक्का तिरका पडला, पुसट उठला, उलटा बसला, असं बाईंच्या हातून कधी झालं नाही. दुसऱ्या खिडक्यांवर लोक ताटकळायचे, आणि यांच्या खिडकीवरून दहा मिनिटांत मोकळे व्हायचे. याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या पडत नसत.

लग्न नोंदवायचं तर कचेरीत दोनदा यावं लागे. पहिल्यांदा नोटीस द्यायला. ती महिनाभर बाहेरच्या फलकावर लागायची, कुणाला हरकत असेल तर त्यानं लेखी कळवावं म्हणून. महिना उलटला की दुसऱ्यांदा सह्यांना. दोन्ही वेळेला वधू-वरांची संमती विचारायची आणि वहीतल्या रकान्यात तसं लिहायचं, एवढा नियम. कोणत्या शब्दांत विचारायची, याबद्दल नियम मूग गिळून गप्प. बाई खिडकीवर नव्या होत्या तेव्हा त्यांच्या हेडक्लार्कनं शिकवलं होतं की ‘संमती आहे का’ म्हटलं की पोरी बावरतात, पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतं त्यांना. आपलं साधं, घरच्यासारखं विचारावं, ‘काही हरकत नाही ना?’ बाईंनी ते उचललं. पुढं पुढं तर त्या सकाळी आल्या आल्याच रकान्यात एकाखाली एक दहा वेळा ‘हरकत नाही’ लिहून ठेवायच्या, ऐन गर्दीत वेळ जायला नको म्हणून. सव्वीस वर्षांत त्यातली एक ओळ खोडावी लागली नाही. यात काही खटकण्यासारखं आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग ती मुलगी आली. चोवीस-पंचवीसची असेल. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, असं अर्जात लिहिलं होतं. आईनं तिचा दंड धरलेला. वडील मागच्या बाकावर, छातीवर हात ठेवून, नुकतेच दवाखान्यातून उठून आल्यासारखे. नवरा मुलगा लांबच्या नात्यातला, नीटनेटका, सारखा घड्याळ बघणारा. रडारड नाही, भांडण नाही, डोळे सुजलेले नाहीत. अशी चार कुटुंबं रोज यायची. बाईंनी मान वर न करता विचारलं, "काही हरकत नाही ना?" मुलगा नाही म्हणाला. मुलगी नाही म्हणाली. शिक्का पडला, शेजारचा कारकून दचकला.

मुलगी मात्र हलेना. मागचं जोडपं पुढं सरकू लागलं तरी ती खिडकीला धरून उभी. मग पुन्हा म्हणाली, "नाही." या वेळी जरा मोठ्यानं. बाई म्हणाल्या, हो हो, लिहिलंय, आणि पुढचा अर्ज ओढला. आई म्हणाली, झालं गं, चल आता, बाबांना जास्त वेळ बसवत नाही. आणि गेले सगळे.

संध्याकाळी घरी कांदा चिरताना ते दुसरं ‘नाही’ बाईंच्या मनात आलं आणि काही केल्या जाईना. हरकत नाही हे कुणी दोनदा सांगतं का? एकदा सांगतात, लाजत सांगतात, नाहीतर नुसती मान हलवतात. लिहिल्यानंतर परत कशाला सांगेल कुणी? त्यांनी नवऱ्याजवळ विषय काढला. नवरा बसच्या डेपोतला मेकॅनिक, निवृत्त, आणि घरात बिघडलेलं काही उरलं नसल्यामुळं चांगल्या वस्तू खोलून बसणारा. त्या दिवशी पंखा खोलला होता. तो म्हणाला, अगं लग्नाआधी पोरी अशाच असतात. तुला तरी कुणी काय विचारलं होतं, बिघडलं का काही आपलं?

आता, बिघडलं काहीच नव्हतं. बाईंच्या काकांनी दारातून आत डोकावून हेच विचारलं होतं, काही हरकत नाही ना गं, आणि त्या नाही म्हणाल्या होत्या. माणूस चांगला निघाला. संसार झाला, मुलं मार्गी लागली, तक्रारीला जागाच नव्हती. पण नवऱ्यानं असं म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात तिडीक गेली, आणि कशानं गेली ते त्यांचं त्यांनाच सांगता येईना. "तेव्हा मला लग्न करायचं होतं की नव्हतं, ते मला अजून माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कुणी थांबून विचारलं असतं तर निदान मला तरी कळलं असतं." नवऱ्यानं पान्हा खाली ठेवला. त्या दिवशी पंखा तसाच पडून राहिला आणि दोघं उकाड्यात झोपले.

शनिवारी अर्धा दिवस काम. बाई कचेरीतून निघाल्या त्या थेट चष्म्याच्या दुकानात. अर्जावरचा पत्ता बघून असं कुणाच्या मागं जाणं नियमात बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण पाय निघाले ते निघाले. मुलीनं ओळखलं. ओळख दाखवली नाही. तपासणीच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं, नाकावर ती लोखंडी जड चौकट ठेवली, भिंग सरकवलं आणि म्हणाली, वाचा. बाई म्हणाल्या, दिसतंय की, छान दिसतंय. मुलगी म्हणाली, दिसतंय का ते मी विचारलं नाही, काय दिसतंय ते वाचा. आणि बाई दुसऱ्याच ओळीत अडखळल्या.

भिंगं बदलता बदलता मुलगी बोलत राहिली, जणू समोर नेहमीचं गिऱ्हाईक बसलंय. दुकानात लागली तेव्हा मालकानं पहिली गोष्ट कोणती शिकवली असेल, तर ‘दिसतंय ना’ असं विचारायचं नाही. शेवटी ‘ना’ लावलं की माणूस हो म्हणतो. समोरच्याचा खोळंबा नको, त्याला वाईट वाटायला नको, म्हणून हो म्हणतो, आणि चुकीचा नंबर घेऊन घरी जातो. म्हणून वाचूनच घ्यायचं. आणि दुसरी गोष्ट, लहान मुलं असली की आयांना बाहेर बसवायचं. आया मागून ओठ हलवून अक्षरं सांगतात, आणि मूल फळ्याकडं न बघता आईकडं बघतं.

एवढं सांगून तिनं बाईंच्या नाकावरची चौकट काढली.

"मी तुम्हाला नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं."

"मी विचारलं हरकत नाही ना, तू नाही म्हणालीस. मग मी तेच लिहिणार ना?"

"म्हणजे मी हो म्हणायला हवं होतं?"

बाई मनातल्या मनात तो रकाना भरून बघू लागल्या. हो म्हणाली असती तर त्यांनी काय लिहिलं असतं? हो, हरकत नाही. गप्प राहिली असती तर? लाजतेय, म्हणजे हरकत नाही. अहो, मग त्या पोरीनं करायचं तरी काय? हो म्हणा, नाही म्हणा, तोंडाला कुलूप घाला, रकान्यात उतरणार एकच, आणि तेसुद्धा सकाळीच लिहून ठेवलेलं. सव्वीस वर्षं असं चाललं होतं. किती जणी या खिडकीशी येऊन नाही म्हणून गेल्या असतील, याचा हिशेब लावायला बाई बसल्या आणि घाबरून उठल्या.

त्यांनी विचारलं, घरात मारतात का. मुलगी म्हणाली, मारलं असतं तर बरं झालं असतं, दाखवता तरी आलं असतं. घरात कुणी हात उचललेला नाही. आवाजही चढवत नाहीत. आई रोज म्हणते, तुझ्यावर जबरदस्ती नाही, तूच ठरव. आणि ताट बाजूला सारून भिंतीकडं तोंड करून झोपते. सलग तीन दिवस जेवली नाही तेव्हा वडिलांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना त्रास होईल असं काही करू नका म्हटलं, आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून तिच्याकडं बघितलं. नवऱ्या मुलाला तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, मला हे लग्न नकोय. त्यानं काय करावं? तिच्या आईला फोन करून सांगितलं की मुलगी जरा घाबरलीय, समजवा तिला. दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन आईच्या उशाखाली. मुलगा वाईट आहे का? नाही, वाईट नाही. पण तिला तो नको होता. एवढं साधं वाक्य, आणि ते ऐकून घ्यायला त्या अख्ख्या घरात कुणाला कान नव्हते.

बाई म्हणाल्या, मग लेखी हरकत दे, मी स्वतः दाखल करते. आणि म्हणता म्हणताच त्यांना आठवलं की हरकत आली की तिची एक प्रत दोन्ही घरी जाते. मुलीला ते फलकावर वाचूनच ठाऊक होतं. तो लिफाफा बाबांच्या हातात पडला तर काय होईल, हे तिनं बोलूनही दाखवलं नाही.

"सह्यांच्या दिवशी मला नीट विचारा," ती म्हणाली. "एकटीला विचारा. मी सांगेन."

सोमवारी बाई साहेबांपुढं उभ्या राहिल्या. साहेब वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, मधे चहा मागवला, आणि म्हणाले, तोंडी कशालाच अर्थ नाही. हरकत कुणीही घेऊ शकतं, अगदी तुम्हीसुद्धा. नाव घाला, सही करा, द्या. मग चौकशी लागेल, आणि पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील, की अर्जातला पत्ता काढून तुम्ही त्या मुलीकडं गेलातच कशा. निवृत्तीला किती राहिलं तुमच्या? चौदा महिने, बाई म्हणाल्या. साहेबांनी सहानुभूतीनं मान हलवली. बाईंनी विचारलं, बरं, तिला वेगळ्या खोलीत घेऊन विचारू का? तर वेगळ्या खोलीची नियमात तरतूद नाही. अहो, खोली होती! खिडकीपासून तीन पावलांवर जुन्या वह्यांची खोली, आत दोन खुर्च्या, दाराला आतून कडी, आणि किल्ली बाईंच्याच ड्रॉवरमध्ये. पण तरतूद नव्हती. साहेब म्हणाले, बघू आपण त्या दिवशी, आणि फाईल ओढली. कचेरीतलं ‘बघू’ म्हणजे काय, हे बाई स्वतःच लोकांना सव्वीस वर्षं ऐकवत आल्या होत्या.

हरकतीचा एक कोरा फॉर्म त्यांनी पर्समध्ये घातला. तीन दिवस तो घरी गेला आणि कचेरीत परत आला. नाव घालायच्या ओळीपाशी पेन टेकलं की चौदा महिने आठवायचे. चौथ्या दिवशी त्यांनी तो गुपचूप परत कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात ठेवला आणि मनाची समजूत घातली की फॉर्म नसला तर नसला, प्रश्न तर माझ्याच तोंडात आहे. तो बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि त्यांनी तो खरंच बदलला. समोर येईल त्या प्रत्येकाला सरळ विचारायचं, "तुम्हाला हे लग्न करायचं आहे का? स्वतःच्या तोंडानं सांगा." सकाळी ओळी भरून ठेवणं बंद. जे उत्तर येईल ते पूर्ण वाक्यात लिहायचं. बापरे, काय गोंधळ उडाला त्या खिडकीवर! एक नवरदेव इतका वेळ विचार करत बसला की नवरी म्हणाली, आधी तुझं ठरू दे, मी बाहेर बसते. साठी उलटलेलं एक जोडपं आलं, त्यातले आजोबा म्हणाले, हिला विचारा, माझं कोण ऐकतं. आजी म्हणाल्या, करायचं नसतं तर एवढ्या उन्हात तुमचं तोंड बघायला आले असते का. एका मुलीचा भाऊ बाईंच्या अंगावर आला, असं अपशकुनी विचारता म्हणून. रांग फाटकाबाहेर गेली. दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं, आणि ज्या बाईंचं लोक नाव घेऊन कौतुक करायचे त्यांना लोक तोंडावर म्हातारचळ लागलाय म्हणू लागले. बाईंनी सगळं सोसलं. खरं सांगायचं तर त्यांना बरंही वाटत होतं. रोज संध्याकाळी वही मिटताना त्या आपलीच पाठ थोपटून घ्यायच्या. चष्म्याच्या दुकानातून त्या दोन गोष्टी ऐकून आल्या होत्या, त्यातली एकच त्यांनी आणली, सोपी होती ती. दुसरी तिथंच ठेवून आल्या.

महिना संपला. सह्यांच्या दिवशी ते नऊ जण आले. वडिलांसाठी खुर्ची मागून थेट खिडकीशी आणली. आईनं दंड धरलेलाच. नवरा मुलगा, त्याचे आईवडील, तीन साक्षीदार, सगळे अर्धवर्तुळ करून उभे. साहेब आपल्या खोलीच्या दारात येऊन थांबले. मुलीनं आधी बाईंकडं बघितलं, मग जुन्या वह्यांच्या खोलीच्या दाराकडं, मग परत बाईंकडं. बाईंचा हात ड्रॉवरपर्यंत गेला. साहेबांनी नुसतं खाकरलं. हात परत आला.

बाईंनी प्रश्न विचारला. शब्द न् शब्द नीट, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तुला हे लग्न करायचं आहे का, स्वतःच्या तोंडानं सांग.

आई काही बोलली नाही, वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिच्याकडं बघितलं. आणि मुलगीसुद्धा मग कुठं बघणार? आईकडंच बघितलं तिनं.

"हो," ती म्हणाली. "करायचंय."

स्पष्ट म्हणाली, अगदी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं. साहेब समाधानानं आत गेले. बाईंना अजूनही थांबता आलं असतं. म्हणता आलं असतं की मी हिला आत नेऊन विचारते, मग काय व्हायचं ते होऊ दे. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. वही पुढं ओढली आणि महिनाभराच्या सवयीनं, वळणदार अक्षरात, पूर्ण वाक्य लिहिलं: ‘वधूस स्पष्ट शब्दांत विचारले असता तिने स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने व निःसंदिग्ध होकार दिला.’ इथं कुणालाही बाईंचा राग यावा, आणि यायलाच हवा. इतक्या जवळ येऊन माणसानं असं करावं?

त्या दिवशी घरी आल्यावर त्या नवऱ्याला सांगत राहिल्या. मी नीट विचारलं हो, ती हो म्हणाली, तिच्या मनात बदल झाला असेल, होतो कधी कधी. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, एकटीला विचारलंस का. बाईंनी हातातलं पातेलं असं आदळलं की शेजारून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. नंतर आठवडाभर दोघांत कामापुरतं बोलणं.

सात महिन्यांनी ती मुलगी कचेरीत आली. एकटी. रांगेत उभी राहून, नंबर लागल्यावर खिडकीशी आली. वाळली होती, पण आवाज ठाम होता. सासर सोडून तीन आठवडे झाले होते, दुकानातल्या एका मैत्रिणीकडं राहत होती. आई बोलत नव्हती. वडील बरे होते, रोज फिरायलाही जात होते, हे सांगताना ती हसली आणि ते हसू बघवलं नाही. वकीलबाईंनी सांगितलं होतं की दडपणाखाली झालेलं लग्न वर्षाच्या आत अर्ज केला तर रद्द होऊ शकतं, आणि पहिला कागद लागणार तो म्हणजे नोंदवहीतल्या सह्यांच्या दिवशीच्या पानाची नक्कल. वकीलबाईंनी या कचेरीच्या अशा कितीतरी नकला पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, तिथं सगळ्यांपुढं एका शाईत ‘हरकत नाही’ लिहिलेलं असतं, दहाच्या दहा ओळी एका दमात. कुणीही बघून सांगेल की विचारलेलं नाही. तेवढं पान आण, पुढचं मी बघते.

बाईंनी वही काढली. पान उघडायच्या आधीच त्यांना आपलं ते वाक्य आठवलं. मुलीनं वही आपल्याकडं फिरवून घेतली आणि बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

बाई हो म्हणाल्या.

"मी कुणालाच हो म्हटलं नव्हतं," मुलगी म्हणाली. ओरडली नाही. "आईला नाही, त्याला नाही, इथं पहिल्यांदा आले तेव्हा तुम्हालाही नाही. त्यांनी सगळं केलं, पण माझ्या तोंडून ते कधी काढता आलं नव्हतं त्यांना. ते तुम्ही काढलंत. आणि वर लिहून ठेवलंत."

मागं रांगेत कुणीतरी घड्याळ दाखवत कुरकुरलं. बाई म्हणू शकल्या असत्या की माझा हेतू चांगला होता. जिभेवर आलंही होतं. पण सात महिने त्या स्वतःला हेच सांगत होत्या आणि एकदाही खरं वाटलं नव्हतं. स्वतःची इतकी चीड त्यांना आयुष्यात कधी आली नव्हती, आणि साहेबांची, नियमाची, फलकाची, त्या मेल्या ‘ना’ची, सगळ्यांचीच. त्यांनी नक्कल तयार केली, कारण ती द्यावीच लागणार होती. मग ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला आणि तिथंच खिडकीवर, सगळ्या रांगेदेखत, लिहायला बसल्या.

वर पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला, पत्ता घातला. शेजारचा कारकून मान लांब करून वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला आणि तो हळूच म्हणाला, बाई, सहाच महिने राहिलेत, कशाला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही. सव्वीस वर्षं सरकारी भाषा लिहिलेला हात, तो सरकारी भाषेतच चालला. अमुक तारखेस वधूची तिच्या कामाच्या ठिकाणी भेट घेण्यात आली. सदर विवाहास वधूची संमती नसल्याचे त्या वेळी निदर्शनास आले होते. स्वतंत्र खोली उपलब्ध असूनही नातेवाइकांच्या समक्ष विचारणा करण्यात आली. खाली सही केली आणि कागद खिडकीतून पुढं सरकवला.

मुलीनं वाचला. तिनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कुणाच्या निदर्शनास?" तिनं विचारलं.

बाईंनी कागद परत घेतला. ती ओळ खोडली. खोडलेल्या ओळीच्या वर जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, ‘मला माहीत होतं.’ मुलगी कागद न्यायला हात पुढं करून उभी होती. बाईंनी पुढची ओळही खोडली आणि लिहिलं, ‘तरी मी तिला सगळ्यांसमोर विचारलं.’